नसलेला माइक

माझे वडील दोंडाईच्याच्या मार्केट यार्डात मिरचीचा लिलाव पुकारायचे. घरीदारी सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही भाऊच म्हणायचे. धुळ्याला दिलेली त्यांची थोरली बहीण, आमची अक्का, लहानपणापासून त्यांना भाऊ म्हणायची, तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं.

हंगामात यार्डात पाऊल टाकलं की माणूस शिंकायला लागतो. मिरचीच्या ढिगांभोवती व्यापारी नाकाला रुमाल लावून उभे असायचे, शेतकरी उपरणं गुंडाळून. भाऊ मात्र उघड्या तोंडाने ढिगामागून ढीग पुकारत जायचे. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. भाव वर चढला की शेवटचं अक्षर ते थोडं लांबवायचे, जणू अजून कुणी येतंय का ते बघतायत. लहानपणी शाळा सुटल्यावर मी यार्डाच्या फाटकाशी थांबले की आत न जाताच कळायचं, भाऊ आज कुठल्या ओळीत आहेत.

रोज सकाळी, अंघोळ झाली की, ते अक्काला फोन करायचे. त्या बोलण्यात विषय असा काही नसायचा. भाजी कुठली, पाणी आलं का, सुनेच्या माहेरी कोण आजारी आहे. दोघं अहिराणीतच बोलायची. अक्का सांगत राहायची आणि भाऊ मधूनमधून ‘हं’ म्हणायचे. काचबिंदूने अक्काची नजर हळूहळू गेली तेव्हा हे फोन वाढले. तिला माणसं आवाजानेच भेटत होती.

मग भाऊंचा आवाज बसायला लागला. सगळे म्हणाले मिरचीचा खकाणा आहे, खडीसाखर धरा तोंडात. तपासणी झाली तेव्हा घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला खाली एक भोक राहिलं, श्वास तिथून. तोंडातून वारा यायचा बंद झाला, म्हणजे बोलणंही बंद झालं.

मी तेव्हा जळगावात राहत होते. कंपनीने घरून काम चालेल म्हटल्यावर पुणं सोडलं होतं. उपचार जळगावात सोयीचे पडतील म्हणून आई-भाऊंना माझ्याकडे आणलं. भाऊंच्या गळ्याला पांढरं जाळीचं फडकं, हातात लहान मुलांची ती पुसता येणारी पाटी. मराठी चौथीपर्यंत शिकलेले होते पण अक्षर सुरेख होतं. जे सांगायचं ते पाटीवर लिहायचे आणि आम्ही वाचलं की लगेच पुसून टाकायचे.

अक्काला पाटी दिसणार कशी?

तिने फोन करणं थांबवलं नाही. तिची सून फोन लावून तिच्या हातात द्यायची, इकडे आई स्पीकर चालू करायची. अक्का बोलायची, आणि जिथे भाऊंचा ‘हं’ यायचा तिथे थांबायची. भाऊ फोनकडे बघत बसलेले. एकदा न राहवून आईने त्यांच्या वतीने ‘हं’ म्हटलं. पलीकडून अक्का तडकली, “तू नको बोलू, त्याले बोलू दे.” मग तिच्याच लक्षात आलं असणार. पलीकडे सुनेने फोन ठेवला.

त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. पाटी पालथी घालून बसून राहिले.

मी प्रोग्रामर आहे म्हणून आईने माझ्याकडे पाहिलं. “तुमच्या त्या कॉम्प्युटरात काही नाही का गं?” होतं. लिहिलेलं वाचून दाखवणारा तयार आवाज होता. भाऊंनी टाइप केलं, ‘अक्का, मी बरा आहे.’ संगणकाने ते शुद्ध मराठीत, एकेक शब्द धुऊन वाळवून म्हटलं. पलीकडे अक्का म्हणाली, “हाऊ कोण बोली ऱ्हायना? बँकवाला शे का?” भाऊ हसले. आवाज नसताना माणूस हसतो तेव्हा नुसते खांदे हलतात. मीही हसले, पण तो उपाय तिथेच संपला.

त्यांचा स्वतःचा आवाज माझ्याकडे होता. भाऊंना टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे मी पुण्यात असताना ते मला फोनवर बोलून निरोप पाठवायचे. पाच-सहा वर्षांचे निरोप होते. ‘गाडीत बसलो.’ ‘तुझी आई विचारते दिवाळीला कधी येशील.’ ‘हो ना, हो ना.’ चुलत भावंडांकडे, अक्काच्या सुनेकडे असेच आणखी होते, तेही मागवून घेतले. कानाला हेडफोन लावून मी ते ऐकत बसायचे आणि एकेक शब्द कापून वेगळा काढायचे. दार लावून घ्यायचे, कारण भाऊ शेजारच्या खोलीत असायचे. जिवंत माणूस भिंतीपलीकडे बसलेला आणि त्याचा आवाज मात्र माझ्याजवळ, हे मला कुणाला सांगता येईना. एखादा शब्द कापायला घेतला की मी अख्खा निरोपच ऐकायचे, मग पुन्हा ऐकायचे. काम पुढे सरकायचं नाही.

आता प्रश्न हा होता की हे शब्द फोनमध्ये घालायचे कसे. संगणकावरून कॉल लावणारा प्रोग्राम फक्त माइकचं ऐकतो. स्पीकर वाजवून त्याच्यासमोर माइक धरला तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. म्हणजे संगणकाला असा एक माइक दाखवायला हवा होता जो प्रत्यक्षात नाही.

आणि नेमकं हेच माझं पोटापाण्याचं काम होतं. संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा एक भाग असतो, सगळ्यांच्या खाली बसून कारभार बघणारा. छापणारं यंत्र, माइक, डिस्क, यांच्याशी प्रोग्राम थेट बोलत नाहीत, कर्नलमधल्या ड्रायव्हरमार्फत बोलतात. ड्रायव्हरने सांगितलं, ‘इथे माइक आहे,’ की वरचे सगळे विश्वास ठेवतात. मी कंपनीसाठी वर्षानुवर्षं अशी नसलेली यंत्रं लिहीत आले होते. नसलेली डिस्क, नसलेलं नेटवर्क कार्ड. कुणासाठी लिहिते ते कधी दिसलं नव्हतं.

असे नसलेले माइक बाजारात तयारही मिळत होते. मी आधी तेच लावून पाहिले. शब्द जायचे, पण उशिरा. भाऊंनी बटण दाबायचं, शब्द एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उतरवला जायचा, तिथे रांगेत थांबायचा, मग तिसरीकडे. साध्या वाक्याला ते चाललं असतं. ‘हं’ला चालत नाही. ‘हं’ वेळेवर आला नाही तर पुढचा माणूस थबकतो, आणि तुमचा ‘हं’ पोहोचतो तेव्हा त्याने दुसरंच काही सुरू केलेलं असतं. एक दिवस मी माझ्याच दुसऱ्या फोनवर ऐकून पाहिलं आणि ठरवलं की ड्रायव्हर आपणच लिहायचा.

उन्हाळा लागला होता. जळगावचा उन्हाळा म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. कूलर घरघरत असायचा, मी कंपनीचं काम संपवून हे घेऊन बसायचे आणि भाऊ खुर्ची ओढून शेजारी येऊन बसायचे. पाटीवर लिहायचे, ‘काय चाललंय?’

“भाऊ, कर्नलचा वरच्या प्रोग्रामांवर विश्वास नसतो. त्यांची मेमरी वेगळी, याची वेगळी. प्रोग्रामने काही दिलं की कर्नल आधी ते आपल्याकडे उतरवून घेतो आणि मगच वापरतो.”

‘मग?’

“मला ते उतरवणं नकोय. तुमचे शब्द प्रोग्रामच्या मेमरीत ज्या पानांवर आहेत, तीच पानं ड्रायव्हरने सरळ वाचायची. दोघांनी एकाच जागी हात ठेवायचा.”

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग लिहिलं, ‘हत्ता.’

पूर्वी बाजारात काही व्यापारी रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायचे, त्याला हत्ता म्हणतात. शेजारी उभ्या माणसाला काही कळायचं नाही. मी म्हटलं, “हो, बरंचसं तसंच.” त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, ‘मला नाही आवडायचा. भाव उघड बोलावा.’ मी हसले. ते मात्र गंभीर होते. चाळीसेक वर्षं उघड पुकारलेल्या माणसाला हे सांगायचा हक्क होता.

यात एक धोका असतो. प्रोग्रामची मेमरी एका जागी बसून राहत नाही. गरज पडली की संगणक पानं हलवतो, बाजूला ठेवतो, दुसऱ्याला देऊन टाकतो. ड्रायव्हर तिथे वाचायला गेला आणि पान जागेवर नसलं तर सगळा संगणक कोलमडतो. म्हणून ती पानं आधी ठोकून ठेवावी लागतात, हलू नका, कुणाला देऊ नका, अशी. काम संपलं की आठवणीने मोकळी करायची. मी ती ठोकली. मोकळी करण्याचा भाग एका बाजूने कच्चा राहिला होता, ते मला पुढे कळलं.

एका दुपारी मी पहिल्यांदा सगळं जोडून चालू केलं. ऐकायला सोपं जावं म्हणून माइकमधून येणारं थेट स्पीकरवर लावलं होतं. भाऊ आत आडवे झाले होते. मी एक शब्द सोडला, ‘येतो.’ त्याच क्षणी माझा वरचा प्रोग्राम मेला. पण त्याची पानं मी ठोकून ठेवलेली होती, त्यामुळे ती तशीच राहिली आणि ड्रायव्हर त्यांवरून गोल गोल फिरत राहिला. खोलीत भाऊंचा आवाज घुमायला लागला, “येतो, येतो, येतो, येतो...”

मी बंद करायला धडपडत होते, संगणक दाद देत नव्हता. स्वयंपाकघरातून आई धावत आली. हाताला कणीक तशीच. दारात उभी राहिली आणि मी प्लग ओढायला हात घातला तेव्हा म्हणाली, “राहू दे गं. थोडं राहू दे.”

मी हात मागे घेतला. आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो. तो शब्द त्यांनी बहुधा पुण्याला माझ्याकडे यायला निघताना म्हटला होता, अगदी सहज, पिशवी उचलता उचलता. आईच्या मागे भाऊ येऊन उभे होते. ते कधी आले कळलंही नाही. त्यांनी आपला आवाज ऐकला, आईच्या पाठीकडे पाहिलं, आणि पुढे येऊन स्वतःच भिंतीवरचं बटण बंद केलं.

त्या आठवड्यात मी ड्रायव्हर दुरुस्त केला. प्रोग्राम मेला की पानं सुटतील, आवाज थांबेल, असं केलं. एक छोटा कीबोर्ड आणून त्याच्या कळांवर कागद चिकटवले. बोल, अक्का. बरं. नाही. हो ना. मग? जेवलो. सर्वांत मोठ्या कळेवर ‘हं’. बरेचसे शब्द अहिराणी नव्हते, माझ्याशी बोललेले मराठी होते, पण आवाज भाऊंचाच होता. भाऊंनी दोन दिवस कळा दाबून सराव केला, आणि एका सकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून संगणकापुढे येऊन बसले.

सुनेने फोन अक्काच्या हातात दिला.

“भाऊ, बरं शे ना रे?” अक्का नेहमीसारखं म्हणाली, उत्तराची आशा न ठेवता.

भाऊंनी कळ दाबली. “बोल, अक्का.”

पलीकडे भांडं पडल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही. मला वाटलं कॉल तुटला. तेवढ्यात अक्काचा रडण्याचा आवाज आला, मोठ्याने, गळा काढून. “तुना आवाज परत उना! तुना आवाज उना रे भाऊ!”

“हं,” भाऊ म्हणाले. वेळेवर.

त्या दिवशी ती कितीतरी वेळ बोलली. साठवून ठेवलेलं बोलली. भाऊ ‘हं’ देत राहिले, मध्येच ‘मग?’, मध्येच ‘बरं.’ एकदा तिने विचारलं, “दुखस का रे?” भाऊंचं बोट कळांवरून फिरलं आणि थांबलं. ‘नाही’ खोटं झालं असतं, ‘हो ना’ने ती घाबरली असती, आणि तिसरं उत्तर कुठल्याच कळेवर नव्हतं. मी गोळा केलेल्या इतक्या निरोपांत भाऊंनी कधी कुणाला ‘दुखतं’ म्हटलं नव्हतं, आणि ‘दुखत नाही’ असंही नाही. त्यांनी ‘हं’ दाबलं. अक्काने काय समजायचं ते समजून घेतलं.

पुढचे काही आठवडे घरात सुख होतं, असंच मी म्हणेन. आई सकाळी त्या खोलीत भाजी निवडायला बसायची. मी कंपनीच्या मीटिंगा पुढे ढकलायचे. भाऊ नवा शब्द मागायचे, मी निरोपांत शोधून द्यायचे.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती. प्रत्येक शब्दाच्या मागे ती वेळ चिकटलेली होती. ‘बरं’च्या मागे कुकरची शिट्टी. ‘जेवलो’च्या मागे एसटीचं इंजिन. ‘हो ना’ तर भर यार्डात बोललेलं, मागे हमालांचा आरडाओरडा आणि कुणाचीतरी शिंक. मी जमेल तेवढं घासून काढलं, पण जास्त घासलं की आवाजातलं भाऊपण जायचं. म्हणून राहू दिलं.

एके दिवशी अक्काने ‘हो ना’ ऐकलं आणि विचारलं, “तू मार्केटमा शे का रे?”

भाऊंनी ‘नाही’ दाबलं.

“मग हाऊ गलका कसाना?” आणि तीच खूश होऊन म्हणाली, “कामवर जाई ऱ्हायना ना तू? माले माहीत शे. तू माले सांगस नही.” मग सुनेला ओरडून सांगितलं, भाऊ यार्डात जायला लागला म्हणून. तिकडे घरात आनंद झालेला आम्हाला ऐकू येत होता.

भाऊंनी पुढे एकही कळ दाबली नाही. फोन ठेवल्यावर पाटी घेतली. ‘तिला वाटतं मी बरा झालो.’ पुसलं. ‘हा बोलणारा आधीचा आहे.’ पुसलं. मी म्हटलं, “भाऊ, मागचा आवाज मी काढून टाकीन. वेळ द्या मला.” त्यांनी मान हलवली. ‘तुझं काम चांगलं आहे,’ असं लिहिलं, आणि ते मात्र पुसलं नाही. पाटी माझ्या टेबलावर ठेवून उठून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा बोलायला शिकू लागले. डॉक्टरांनी आधीच सुचवलं होतं, ते टाळत होते. गळ्यात एक छोटी झडप बसवतात, बोटाने भोक दाबलं की वारा घशात जातो आणि एक खरखरीत आवाज निघतो. शिकवणाऱ्या बाई शहरातच होत्या. सुरुवातीला नुसतं घरघरणं, मग ‘आ’, मग ‘पाणी’. आई टाळ्या वाजवायची. मीही वाजवायचे. खोटं सांगणार नाही, तो आवाज मला परका वाटायचा. तो भाऊंच्या तोंडातून येत होता आणि तरी मी भाऊ कुठे गेले म्हणून बघत राहायचे.

त्यांची वाक्यं जुळायला लागली तशी त्यांनी धुळ्याला जायचं काढलं. फोनवर नाही, समोर जाऊन सांगायचं म्हणाले. तो हिवाळा होता. आई गुडघ्यांमुळे थांबली, आम्ही दोघं गेलो.

अक्का ओसरीत उन्हाला बसली होती. पावलांवरूनच तिने ओळखलं. “भाऊ?”

भाऊ तिच्यासमोर खाली बसले. तिचा हात धरला आणि आपल्या गळ्याशी नेला. तिने फडकं चाचपलं, मग फडक्याखाली बोटं नेली. श्वास बोटांना लागला तशी ती दचकली.

“हाई काय शे? आठून दम लेस का तू?”

भाऊंनी तिचंच बोट हळूच त्या जागेवर ठेवलं आणि दाबलं. “अक्का,” ते म्हणाले. आवाज दगडावर दगड घासल्यासारखा. “मार्केटमा नही जास मी. घर ऱ्हास.”

अक्काने बोट तसंच ठेवलं. तिचे डोळे दुसरीकडेच कुठेतरी होते. “मंग तो कोण बोलत होता?”

“पोरनी बनाडा,” भाऊ म्हणाले आणि माझ्याकडे मान वळवली, जणू तिला दिसणार होतं.

मला वाटलं ती रागावेल. तिने हात वर नेऊन त्यांचा चेहरा चाचपला, कपाळ, कान, खुंट वाढलेली हनुवटी. “बारीक व्हई ग्या तू,” म्हणाली. मग सुनेला हाक मारून भाकरी टाकायला सांगितलं. दुपारभर दोघं बोलत बसली. भाऊंना दर वाक्याला दमायला व्हायचं आणि अक्का थांबायची. थांबताना तिला आता घाई नव्हती.

निघताना तिने मला जवळ बोलावलं. कानाशी तोंड आणून, भाऊंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “तो आवाज ठेवेल शे ना?”

“शे, अक्का.”

“पुसू नको.”

परतीला पारोळ्याच्या पुढे आम्ही चहाला थांबलो. मी उतरायच्या आत भाऊ टपरीपाशी पोहोचले होते. गळ्याला बोट लावून त्यांनी दोन चहा सांगितले. टपरीवाल्याला कळलं नाही. त्यांनी बोट काढलं, श्वास घेतला, पुन्हा लावलं आणि पुन्हा सांगितलं. बाकड्यावरची माणसं वळून बघायला लागली. भाऊ कुणाकडे न बघता तिथेच उभे राहिले. चहा आला.

ते दोन्ही ग्लास घेऊन माझ्याकडे आले, चेहऱ्यावर मोठा सौदा जमवून आणल्याचं समाधान. मी ग्लास घेतला. फार बरं वाटलं मला, आणि त्याच वेळी तो जुना आवाज ऐकायची अनावर ओढ लागली. हे त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, “गोड आहे चहा.”

“हं,” भाऊ म्हणाले.